अकरावी ब, तास चौथा

मार्चअखेर. चोपड्यात पारा बेचाळीसवर.
पंखा तीच हवा पुन्हा पुन्हा वाटतो.
मी फळ्यावर लिहिते : रासायनिक बंध.
मागच्या बाकावर कुणीतरी खुसकन हसतं.
सोळाव्या वर्षी या शब्दाला
रसायनशास्त्र सोडून सगळे अर्थ असतात.

सोडियम आम्ही रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवतो,
पाणी दिसलं की पेट घेणारं पोरगं.
क्लोरीन तर श्वासच अडवतो.
एकाला एक इलेक्ट्रॉन जड झालेला,
दुसऱ्याला नेमका एकच कमी.
व्यवहार होतो. कागद नाही, साक्षीदार नाही.
आणि संध्याकाळी खिचडीत चिमूटभर पडतं
ते हे दोघं.

“मॅडम,” भटू कोळी उभा राहतो,
“मीठ पानीमा गयं म्हंजे मरनं का?”
“नही रे भो, मोकळं झायं.”
वर्ग खो खो हसतो.
माझी अहिराणी सोनाराच्या घरची,
अजून तोलूनमापून येते.

वडील जळगावला सराफ बाजारात कारागीर.
आठ वर्षांची होते, त्यांची हातोडी उचलून
खडेमिठाचा एका घावात भुगा केला.
ते रागावले नाहीत.
ऐरणीवर गुंजभर सोनं ठेवलं, म्हणाले, मार.
मारलं. पसरलं.
पुन्हा मारलं. आणखी पसरलं.
तुटेचना.
का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.
मला एम.एस्सी.ला कळलं :
मिठात ज्याची त्याची जागा ठरलेली;
रांग एक घर सरकली की
सारख्यासमोर सारखा येतो, आणि फाटतं.
सोन्यात इलेक्ट्रॉन कुणाच्याच नावावर नाहीत,
गावच्या गायरानासारखे.
हे सांगायला घरी गेले
तेव्हा त्यांची नजर गेली होती.
बोटांनी माझी बांगडी चाचपली, म्हणाले,
डाग चांगला बसलाय.

सहसंयुज बंध मी सातबाऱ्यावरून शिकवते.
दोन भाऊ, बांधावर एक विहीर,
उताऱ्यावर शेरा : सामायिक.
दोघांची केळी त्याच पाण्यावर.
मोटर ज्याच्या बाजूला, पाणी जरा त्याच्याकडे झुकतं,
त्याला ध्रुवीय म्हणायचं.
पोरं भराभर लिहून घेतात.
दोघातिघांच्या घरी पुढच्या आठवड्यात तारीख आहे.

सुकदेवमामांनी व्हरांड्यातल्या माठाला
ओलं फडकं गुंडाळलंय.
पाण्याचे रेणू एकमेकांना धरतात, सोडतात, दुसऱ्याला धरतात,
हायड्रोजन बंध तसा कच्चाच.
फडक्यातून एखादा हात सोडवून निघतो
आणि जाताना थोडा उकाडा सोबत नेतो.
म्हणून आतलं गार.
इथे मी उगाच खडू झटकते.

मग तक्त्याचा शेवटचा स्तंभ.
मी शिकले तेव्हा हे निष्क्रिय वायू होते,
नव्या पुस्तकात राजवायू.
माझं वय त्रेचाळीस. लग्न नाही.
मला अजून कुणी नवं नाव सुचवलेलं नाही.
वडिलांच्या शेठच्या दुकानावर काचेच्या नळीत निऑन होता,
खाली दिवसभर मंगळसूत्रं जोडली जायची,
वर तो लालभडक, एकटा.

“म्हंजे ह्या कोनाजोडेच नही?”
भटूला वाईट वाटलंय.
फार थंडी पडली तर, मी म्हणते,
तेही किंचित झुकतात.
मला अडावदचा मळा आठवतो, डिसेंबर,
पऱ्हाट्यांच्या जाळात भरताची वांगी,
बेंडाळे सर कळण्याच्या भाकरी मोजतायत,
झांबरे मॅडमची अर्धी शाल माझ्या गुडघ्यावर.
वारा फिरला की धूर चुकवत
आम्ही सगळे एकदम एका अंगाला सरकत होतो.

“ती पाहा,” मी छताकडे बोट करते.
पाल. ना डिंक, ना खिळा,
असल्याच कोट्यवधी किरकोळ ओढींवर उलटी.
सगळा वर्ग माना वर करतो.

भटू मात्र बसत नाही.
“मंग ती पाय कसा उचलस?”

घंटा होते.
कुणीच उठत नाही.